न छापलेली किंमत

वीस वर्षं मी उंदरांच्या मज्जापेशी बघण्यात घालवली आणि पंचेचाळिशीला आल्यावर मला कळलं, की औषधाचं नशीब त्या उंदरांच्या हातात नसतंच. ते आमच्याच इमारतीतल्या दुसऱ्या मजल्यावर, एका काचेच्या खोलीत ठरतं. तिथं कॉफीही आमच्यापेक्षा चांगली मिळते, हेसुद्धा मला तोवर ठाऊक नव्हतं.

ती खोली म्हणजे कंपनीचा ‘दर आणि धोरण’ विभाग. कंपनीचं नाव हेल्वारा. मुख्यालय युरोपात, पण मोठी प्रयोगशाळा पुण्यात, खराडीला. मी, ऋजुता इंगवले, तिथं ज्या औषधावर काम केलं त्याला आम्ही नुसतं ‘चारशे अकरा’ म्हणायचो. पुढं त्याचं एक गोडसं बाजारी नाव ठेवण्यात आलं, पण ते माझ्या तोंडात कधी बसलं नाही.

चारशे अकरा काय करतं ते आधी सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. आपले स्नायू हलवणाऱ्या मज्जापेशी असतात. त्यांच्या केंद्रकात एक प्रथिन मुकाट्यानं आपलं काम करत असतं. मोटर न्यूरॉन नावाच्या आजारात हे प्रथिन केंद्रकाबाहेर पडतं, पेशीत भलतीकडेच त्याच्या गुठळ्या होतात आणि पेशी मरते. एक मेली की तिच्या शेजारची. आधी हात जातो, मग पाय, मग जीभ, शेवटी श्वास. बुद्धी मात्र अखेरपर्यंत लख्ख राहते. या आजाराचा हा दुष्टपणा मला कधीच माफ करता आलेला नाही.

चारशे अकरा त्या प्रथिनाला केंद्रकातच धरून ठेवतं. दर चार महिन्यांनी पाठीच्या कण्यात एक इंजेक्शन. आजार जिथं असेल तिथं थांबतो. मेलेल्या पेशी परत येत नाहीत, पण उरलेल्या राहतात. आणि इंजेक्शन चुकलं की आजार पुन्हा चालायला लागतो.

चाचण्या संपत आल्या होत्या तेव्हा सांगलीच्या एका ज्युनिअर कॉलेजात अर्थशास्त्राचा तास चालू असताना माझ्या थोरल्या बहिणीच्या हातून खडू पडला. तिनं तो उचलला, पुन्हा पडला. वैजयंती तिचं नाव, आम्ही तिला अक्का म्हणतो. आई लवकर गेल्यावर माझ्या वेण्या तिनंच घातल्या आणि पाढेही तिनंच घेतले. निदान झालं तेव्हा लोक म्हणाले, काय योगायोग बघा, बहिणीनं शोधलेल्या औषधाचाच आजार. मी त्या योगायोगाला जे म्हणाले ते इथं लिहिण्यासारखं नाही.

औषध तयार होतं, गुणकारी होतं आणि भारतात येणार की नाही हे कुणी सांगत नव्हतं. म्हणून मी प्रयोगशाळा सोडली आणि दुसऱ्या मजल्यावर शिकाऊ म्हणून रुजू झाले. अक्काला फोनवर सांगितलं तर म्हणाली, “वीस वर्षं उंदरांना औषध पाजलंस. आता माणसांना बाजार पाजणार होय गं?”

माझे नवे गुरू मॅथ्यू कुरियन. मूळचे कोट्टायमचे, हळू बोलणारे, आणि बोलताना पेन्सिलीला टोक काढत बसायची सवय असलेले. पहिल्याच आठवड्यात त्यांनी माझ्यासमोर जगाचा नकाशा ठेवला. “औषध कुठल्या देशात आधी आणायचं, कुठं मागाहून? क्रम लावा.”

मी पहिला भारत लिहिला. चाचण्यांना इथल्या माणसांनी अंग दिलं होतं. कुरियन सर हसले नाहीत. हसले असते तर मला भांडता तरी आलं असतं. त्यांनी रबर घेऊन भारत खोडला आणि सगळ्यांत खाली लिहिला.

“मॅडम, इथं किंमत औषधाला नसते, देशाला असते. गरीब देश आधी घेतला की त्याचा दर श्रीमंत देशाला दिसतो. तो विचारतो, मग मी जास्त का देऊ?”

“विचारू दे की.”

“विचारू दे. पण मग पुढचं चारशे अकरा शोधायला पैसा कोण देणार, हे त्याला कुणी विचारू शकत नाही.”

मला राग आला. तो तसाच घेऊन मी घरी गेले.

दुसऱ्याचा दर बघून आपला ठरवायचा, ही चाल जुनीच. पूर्वी ते काम समित्या करत. कागद मागवायचे, भाषांतरं करून घ्यायची, चहा प्यायचा आणि वर्षा-दोन वर्षांनी आकडा बदलायचा. त्या सुस्तीचा फायदा घेऊन पुष्कळ औषधं गरीब देशांत स्वस्तात शिरायची. मग श्रीमंत देशांनी मिळून एक संगणकयंत्रणा उभी केली. तिचं अधिकृत नाव हातभर लांब होतं, धंद्यातले सगळे तिला ‘तराजू’ म्हणायचे. तराजू जगातल्या प्रत्येक भाषेतलं राजपत्र वाचायचा, न्यायालयांचे निकाल वाचायचा, बंदरांवरच्या आयातीच्या नोंदी वाचायचा. कुठंही एखाद्या औषधाचा कमी दर जाहीर दिसला की त्याच दिवशी सगळ्या सभासद देशांतला दर त्या प्रमाणात खाली यायचा. समिती नाही, चहा नाही. हेतू चांगला होता, आपल्या रुग्णांची लूट होऊ नये एवढाच. पण झालं असं, की कंपन्या गरीब देशांकडं फिरकेनाशाच झाल्या. इथं स्वस्त विकणं म्हणजे तिकडं आपल्याच पायावर धोंडा.

मी वर्षभर एकच गोष्ट शिकत होते, तराजूला न दिसणारी वाट. आणि ती मला सापडली. भारतातली छापील किंमत युरोपाएवढीच ठेवायची. बंदरावरही तीच नोंदवायची. पण सरकारशी एक बंद पाकिटातला करार करायचा, की ठरावीक रुग्णांसाठी खरा दर अगदी थोडा असेल आणि वरची रक्कम कंपनी वेगळ्या नावानं परत करेल. अट एकच, तो दर कुठंही छापला जाता कामा नये. जाहीर झाला त्या दिवशी करार संपला. रुग्णांची संख्याही बेतानंच ठेवावी लागली. युरोपच्या भावानं भारत ढिगानं औषध घेतोय म्हटल्यावर त्या यंत्रालासुद्धा संशय आला असता. कुरियन सरांनी मसुदा वाचला आणि पेन्सिल खाली ठेवली. “तुम्ही शिकलात,” ते म्हणाले. मला अभिमान वाटला. खोटं कशाला बोलू, फार वाटला.

रुग्णांची नावं संगणकानं सोडत काढून निवडली. त्यात अक्काचं नाव आलं. दवाखान्याच्या बाकावर तिच्याशेजारी बसणारे, मिरजेच्या शाळेत चित्रकला शिकवणारे कुंभार सर होते, त्यांचं नाही आलं.

पहिलं इंजेक्शन घेऊन घरी आल्यावर अक्कानं मला विचारलं, “ऋजू, माझं नाव सोडतीतून आलं की तुझ्यामुळं?”

“सोडतीतून. मला त्या नावांना हातही लावता येत नव्हता.”

“बरं,” ती म्हणाली.

ते ‘बरं’ मी ओळखते. लहानपणी मी गुण सांगितले की ती असंच बरं म्हणायची आणि मग प्रगतिपुस्तक मागायची. या वेळी दाखवायला माझ्याकडं काही नव्हतं.

आजार थांबला. उजव्या हाताची बोटं गेली होती ती गेलीच, पण पुढं काही गेलं नाही. अक्का डाव्या हातानं फळ्यावर लिहायला शिकली. अक्षर कोंबडीनं उकरल्यासारखं यायचं, पोरं हसायची, तीही हसायची. दोनेक वर्षं अशी गेली, आणि आमच्या सगळ्यांच्या आयुष्यातली ती चांगली वर्षं होती, हे तेव्हा कळत होतं. दर वेळी ते मागाहून कळतं असं नाही.

मग शर्वरीनं अर्ज केला.

शर्वरी ही अक्काची एकुलती एक लेक. वकील. भाऊजी गेल्यापासून मायलेकी दोघीच होत्या, आणि आईच्या आजारपणात ती रुग्णांच्या संघटनेची कामं बघायला लागली होती. सोडतीत नाव न आलेल्यांचे फोन तिलाच यायचे. तिनं न्यायालयात मागणी केली, की हे औषध सरकारी पैशातून घेतलं जातं, त्यामुळं त्याचा खरा दर जाहीर करा आणि त्या दरानं ते सगळ्यांना मिळू द्या. पहिली अर्जदार म्हणून तिनं आईची सही घेतली होती. मला हे कळलं ते बातम्यांतून. मी तशीच सांगलीची बस पकडली.

दुपारची वेळ होती. अक्का जेवून खुर्चीत बसली होती. मी चप्पल काढायच्या आत बोलायला लागले.

“शर्वरी, दर जाहीर झाला तर औषध जाईल.”

“ही धमकी झाली, मावशी.”

“धमकी नाही, व्यवहार आहे.”

“सरकारच्या तिजोरीतनं जाणारा पैसा, आणि किती जातो ते लोकांनी विचारायचं नाही? हे कुठं बसतं?”

“कुठंच बसत नाही. पण चालतंय.”

“तुमच्या सोडतीतल्यांचं चालतंय. बाकीच्यांना मी फोनवर काय सांगू?” ती थांबली आणि मग शांतपणे म्हणाली, “तू शिकायला गेलीस आणि त्यांचीच झालीस.”

ते मला लागलं. उलट काहीतरी बोलणार होते, तेवढ्यात अक्कानं डावा हात वर केला. वर्गात गडबड झाली की करायची तसाच.

“भांडू नका गं. ऋजू, मला नीट शिकव. पहिल्यापासून सांग. अकरावीच्या पोरी ऐकतात तशी ऐकते.”

मी स्वयंपाकघरातनं वाट्या आणल्या आणि टेबलावर मांडल्या. ही जर्मनी, हे जपान, हा आपला देश. तराजू म्हणजे काय, बंद पाकीट म्हणजे काय, करार कसा संपतो, सगळं सांगितलं. कराराप्रमाणं मला ते सांगायची परवानगी नव्हती, पण खरा दर न सांगता बाकी सगळं सांगितलं. अक्का मध्येच अडवायची, शंका विचारायची. तिच्या शंका नेमक्या असायच्या. कुरियन सरांना ती विद्यार्थिनी म्हणून फार आवडली असती.

“म्हणजे माझ्या वाटीवर झाकण आहे म्हणून ती भरलेली आहे,” ती शेवटी म्हणाली. “आणि झाकण आहे म्हणूनच दुसऱ्या कुणाला वाढता येत नाही. असंच ना?”

“असंच.”

“कंपनी निघून गेली तर सरकार दुसऱ्या कुणाला ते बनवायला सांगू शकतं की नाही? आम्ही शिकवतो ते धड्यात.”

“शकतं,” शर्वरी म्हणाली. “सक्तीचा परवाना. माझी सगळी मदार त्याच्यावरच आहे.”

“शकतं,” मीही म्हणाले. “पण या काही गोळ्या पाडायच्या नाहीत. याचा कारखाना उभा राहून पहिलं औषध बाहेर पडायला दोन-तीन वर्षं जातील. अक्का, तुझ्याकडं तेवढी नाहीत.”

“किती आहेत?”

ते माझ्याच तोंडून निघायचं होतं. “औषध बंद झालं तर दीडेक वर्षात हातपाय, बोलणं, सगळं जाईल. तुझा आजार औषधानं धरून ठेवलाय, त्याचा वेग कमी झालेला नाही.”

शर्वरीचा चेहरा उतरला. हे तिनं धरलंच नव्हतं. कंपनी गेली तरी जुन्या रुग्णांचं औषध चालू राहील, न्यायालय तसं करायला लावेल, असं तिला मनापासून वाटत होतं. कायदा शिकलेल्या माणसाला असं वाटणं साहजिक आहे. परक्या देशातल्या कंपनीला न्यायालय दंड करू शकतं, पण तिच्या विमानात औषध चढवू शकत नाही.

“आई, मी अर्ज मागं घेते,” ती म्हणाली.

“पहिली अर्जदार मी आहे,” अक्का म्हणाली. “माझ्या सहीशिवाय तुला तो मागं घेता यायचा नाही.”

“अक्का, वेड्यासारखं करू नकोस.”

“ऐक तर. परवा दवाखान्यात कुंभार सर भेटले. त्यांची बायको त्यांचं तोंड पुसत होती. त्यांनी मला विचारलं, मॅडम, तुमचं कसं काय थांबलं? अर्धे शब्द बायकोनं सांगितले मला. मी काय उत्तर देणार होते? नशीब म्हणून सांगू? दर वेळी सुई टोचून घेताना मला वाटतं, मागं रांग उभी आहे आणि मी बहिणीचं नाव सांगून पुढं आलेय.”

“तू तशी नाही आलीस.”

“तू म्हणतेस म्हणून मी मानते गं. पण रांगेतले कशाला मानतील?” तिनं माझ्या हातावर हात ठेवला. “माझी उरलेली वर्षं आणि त्या सगळ्यांची सगळी. हे गणित मी पोरांना शिकवत आलेय. आता माझी पाळी आली म्हणून उत्तर कसं बदलू?”

मी रडले, ओरडले, पाया पडले. शर्वरी भिंतीकडं तोंड करून उभी होती. अक्का एवढंच म्हणाली, की वाट्या जागेवर ठेव, मुंग्या लागतील.

निकाल तिच्या बाजूनं लागला. हल्ली न्यायाधीश बोलतात तसा निकाल आपोआप टिपला जातो आणि बोलून होईस्तोवर जाहीरही होतो. वकील खोलीबाहेर पडायच्या आत तराजूनं तो वाचला होता. त्या दिवशी तिकडच्या सगळ्या देशांत चारशे अकराचा दर कोसळला. दुसऱ्या दिवशी हेल्वारानं भारतातलं औषध बंद केलं. दर पुन्हा वर चढवायचा तर स्वस्त दराचा देशच यादीतून नाहीसा करावा लागतो, आणि त्यांनी तो केला. मिळालेल्या दराला आता मिळणारं औषध नव्हतं. शर्वरीच्या गळ्यात लोकांनी हार घातले. त्या फोटोत ती हसत नाहीये.

मी कुरियन सरांकडं गेले. “एका बाईचं औषध. विकू नका, फुकट द्या.”

“बंदरावर नोंद करावीच लागेल. काय लिहू?”

“शून्य लिहा.”

“तराजू शून्यही वाचतो, मॅडम. शून्य हीसुद्धा किंमत आहे.” ते पेन्सिल हातात घेऊन बसले होते, पण तिला टोक काढत नव्हते. “मी वर तीनदा विचारलंय. तुमची बहीण आहे हे सांगून विचारलंय. माझी बहीण असती तर मीही हेच मागितलं असतं, आणि मला हेच उत्तर मिळालं असतं.”

“मी पिशवीत घालून घेऊन येते.”

“प्रत्येक कुपी आपण कुठं आहोत ते कळवत असते. ती यंत्रणा बसवायच्या बैठकीला तुम्ही होतात. चोरीचं औषध सापडलं तर सरकारकडची सक्तीच्या परवान्याची मागणीही त्यात बुडेल. मग कुणालाच मिळणार नाही.”

ते वाईट माणूस नव्हते. वाईट असते तर बरं झालं असतं. मी त्याच दिवशी राजीनामा दिला आणि सांगलीला राहायला गेले.

त्यानंतरचं थोडक्यात सांगते, कारण सविस्तर सांगायची ताकद नाही. आधी डावा हात गेला. अक्कानं कॉलेज सोडलं, पण त्याआधी आपले सगळे तास रेकॉर्ड करून ठेवले, पोरांसाठी. मग पाय. मग गिळणं, आणि बोलणं. डोळ्यांची हालचाल वाचणारं एक यंत्र आम्ही तिच्यासमोर बसवलं. ती अक्षरांकडं बघायची आणि यंत्र तिच्याच आवाजात बोलायचं. तो आवाज त्या रेकॉर्ड केलेल्या तासांवरून घेतला होता, म्हणून पाणी मागतानासुद्धा ती वर्गाला मागणी-पुरवठा समजावल्यासारखी बोलायची. आधी आम्हाला हसू यायचं.

मधल्या काळात सरकारनं सक्तीचा परवाना दिला. संभाजीनगरजवळ शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीत एक देशी कंपनी कारखाना उभा करू लागली. तिथल्या रसायनतज्ज्ञांना जे अडत होतं ते मला तोंडपाठ होतं. पण हेल्वारा सोडतानाच्या करारानं माझं तोंड बांधलेलं होतं. मी एक वाक्य बोलले असते तर हेल्वारानं तो धागा धरून सगळा परवाना न्यायालयात अडकवला असता, असं शर्वरीनंच मला बजावलं. आम्ही दोघी अक्काच्या उशापायथ्याशी बसून वाट बघायचो, की माझ्या डोक्यात जे पडून आहे ते त्या लोकांना स्वतःचं स्वतः कधी सापडतंय. कुंभार सर त्याच सुमारास गेले.

शर्वरी आणि मी फारसं बोलायचो नाही. भांडण नव्हतं. एकदा अक्काचा घसा साफ करून झाल्यावर ती म्हणाली, “मावशी, मी चुकले का गं?” मी नाही म्हणाले. ते खरंच होतं. तिनं मागितलं ते रास्त होतं, मी लपवलं तेही अक्कासारख्यांना जगवायलाच होतं. दोघींपैकी एक चुकली असती तर दुसरीला तिच्यावर रागवता आलं असतं. तेवढाही आधार नव्हता.

शेंद्र्याचं औषध आलं तेव्हा अक्काचे फक्त डोळे हलत होते. श्वास यंत्रावर होता. न्यायालयानं घालून दिलं होतं, की पहिला मान अर्जदारांचा. एका सकाळी सांगलीच्या दवाखान्यातून तिच्या नावाची पेटी घरी आली, सोबत डॉक्टर. शर्वरीनं ती पेटी स्वतः आत आणली. कितीतरी महिन्यांनी मी तिच्या तोंडावर उजेड बघितला.

“आई, आलं,” ती म्हणाली. “आपलं आलं.”

अक्का पेटीकडं बघत राहिली. मला ते आधीच कळलं होतं. हे औषध बनवणाऱ्यांत मी होते. त्याला पुढंमागं कळत नाही. ते जिथं सापडेल तिथं माणसाला थांबवतं.

यंत्राच्या पडद्यावर एकेक अक्षर येऊ लागलं. डॉक्टर खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. मग अक्काचा आवाज आला, वर्गातला, स्पष्ट, उत्साही.

“मला नको. ज्याचे हात चालतात त्याला द्या.”

“आई, असं करू नकोस. यानं थांबेल. पुढं जाणार नाही.”

पुन्हा अक्षरं. त्यात बराच वेळ गेला. शर्वरी पलंगाच्या कडेला गुडघ्यावर बसली होती.

“थांबवायचंच होतं तर फळ्यापाशी थांबवायचं. इथं नको गं बाळा.”

शर्वरी तिच्या निर्जीव हातावर डोकं ठेवून रडली. तिच्या केसांवरून हात फिरवायला अक्काला जमत नव्हतं, म्हणून तो मी फिरवला. मग शर्वरी उठली, नकाराच्या कागदावर आईच्या वतीनं सही केली, आणि आतल्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं. इतका मोठा खटला जिंकलेल्या मुलीनं त्याचं फळ स्वतःच्या सहीनं परत केलं होतं.

पेटीतलं औषध फार टिकत नाही. पुढचं नाव कोल्हापूरचं होतं. दवाखान्याची गाडी दुपारी निघणार होती. मी डॉक्टरांना म्हणाले, मी नेते.

कोल्हापूरच्या दवाखान्यात व्हरांड्यातल्या बाकावर एक चाळिशीचा माणूस बसला होता. शेजारी बायको, तिच्या मांडीवर डबा. मला पेटी घेऊन येताना बघून तो उभा राहिला. उजवा पाय थोडा ओढत चार पावलं पुढं आला. चालत आला. नाव विचारलं तर स्वतःच्या तोंडानं सांगितलं, श्रीपती चौगुले.

मला त्याचा राग आला. तो उभा राहू शकतो याचा, बोलू शकतो याचा, त्याला काहीच माहीत नाही याचा. क्षणभर मला वाटलं, पेटी घेऊन मागं फिरावं, गाडीत बसावं आणि अक्काच्या पाठीत ती सुई मीच टोचावी. तिनं डोळ्यांनी कितीही नको म्हटलं तरी.

“द्या मॅडम, मी धरतो,” तो म्हणाला. “लांबनं आलायसा.”

त्यानं दोन्ही हात पुढं केले. डाव्या हाताची बोटं किंचित कापत होती, पण ती मिटत होती, उघडत होती. त्यानं पेटीची कड पकडली. मी लगेच सोडली नाही. त्याला वाटलं ती जड असेल, म्हणून त्यानं पकड घट्ट केली आणि माझ्याकडं बघून, सांभाळून, आपल्याकडं ओढली.

मग मी ती सोडली.